रॅम नवी घ्यावी की आहे तीच वाढवावी?



या खेपेला स्वयंपाकघर सोडून जरा बाहेरच्या खोलीत यायचं आहे. निमित्त सांगलीकडच्या एका भगिनीच्या पत्राचं. त्या घरी डबे करतात. साठ-पासष्ट गिऱ्हाइकांचा हिशेब २०१९ साली घेतलेल्या संगणकावर ठेवतात आणि त्यावरच मुलगी बारावीचा अभ्यास करते. हल्ली तो इतका रेंगाळतो, की हिशेबाचं पान उघडेपर्यंत आमटीला फोडणी देऊन होते. दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, "बाई, तुमची रॅम जुन्या पिढीची, डीडीआर-४. आता डीडीआर-५ आली. सगळा संगणकच बदला, ४२ हजारांत करून देतो." बाईंची भिशी पुढच्या महिन्यात लागायची आहे आणि ते पैसे मुलीच्या क्लासच्या फीसाठी राखलेले. "काय करू?" म्हणून विचारतात.

ताई, भिशीला आत्ताच हात लावू नका. आधी रॅम म्हणजे काय ते पाहू.

संगणकातली डिस्क म्हणजे आपलं फडताळ आणि रॅम म्हणजे ओटा. काम चालतं ओट्यावर. ओटा लहान असला, की पोळपाट मांडायला परात खाली ठेवा, परात घ्यायला पोळपाट उचला. संगणक हेच करतो. रॅम भरली, की तिच्यातलं सामान डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागलं की परत आणतो. डिस्क जुन्या, फिरत्या चकतीची असेल तर ही ने-आण फारच संथ होते. घरचा संगणक रेंगाळतो तो बहुतेक वेळा यामुळे. रॅम कुठल्या पिढीची आहे, हा प्रश्न त्यानंतरचा.

आता पिढ्यांचं बघू. डीडीआर-४ चे नियम ठरले २०१२ साली, डीडीआर-५ चे २०२० च्या जुलैमध्ये, आणि घरगुती संगणकांत ती आली २०२१ च्या अखेरीस. ३२०० वेगाची डीडीआर-४ ची एक पट्टी सेकंदाला २५.६ गिगाबाइट माल वाहू शकते. डीडीआर-५ ची सुरुवातच ४८०० पासून, म्हणजे ३८.४ गिगाबाइट. दुकानदार दाखवतो तो हाच आकडा, आणि तो खोटा नाही.

पण पंगत आठवून पाहा. वाढप्याच्या हातातलं पातेलं केवढं, ही एक गोष्ट. हाक मारल्यावर तो पानाशी यायला किती वेळ लावतो, ही दुसरी. पातेलं नव्या पिढीत मोठं झालं. यायचा वेळ मात्र फारसा घटलेला नाही. पट्टीच्या लेबलावर 'सीएल' म्हणून आकडा असतो. त्याला २००० नं गुणायचं आणि पट्टीच्या वेगानं भागायचं, की वाट पाहण्याचे नॅनोसेकंद निघतात. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. ३२०० ची, सीएल १६ ची डीडीआर-४ घ्या: १० नॅनोसेकंद. डीडीआर-५ ची पहिल्या खेपेची ४८०० ची, सीएल ४० ची पट्टी: जवळजवळ १७! पुढे ६००० ची, सीएल ३० ची आली, तेव्हा कुठे हिशेब पुन्हा १० वर आला. हिशेबाचं पान, पत्रं, मुलीचे तास असल्या कामांत थोडा थोडाच माल लागतो, तिथे मोठ्या पातेल्याचा उपयोग बेताचाच.

नवी रॅम वीज वाचवते असंही कुणी सांगेल. १.२ व्होल्टच्या जागी १.१. घरच्या बिलात ते दिसायचं नाही.

शिवाय एकट्या पट्टीपेक्षा दोन सारख्या पट्ट्या बऱ्या. दोन वाढपी एकदम वाढतात. ३२०० च्या दोन पट्ट्या मिळून ५१.२ गिगाबाइट होतात, एकट्या ४८०० च्या नव्या पट्टीपेक्षा कितीतरी जास्त. तेव्हा ताई, तुमच्याकडे एकच ८ गिगाबाइटची पट्टी असेल आणि शेजारची जागा रिकामी असेल, तर तशीच दुसरी बसवा.

'तशीच' हे अधोरेखित करून ठेवा. माझी फजिती सांगते. २०२३ साली मी मोठ्या हौसेनं डीडीआर-५ ची पट्टी घेऊन आले, संगणक आमचा डीडीआर-४ चा. दोन्हींची लांबी सारखी, दोन्हींना २८८ पिना, जुळ्या बहिणीच. फक्त मधली खाच तसूभर इकडे-तिकडे. ती बसेना, आणि मी जोर लावणार तेवढ्यात मुलानं हात धरला म्हणून मदरबोर्ड वाचला. दुकानदार म्हणाला, "पाकीट फोडलंत, आता परत नाही." ती पट्टी अजून कपाटात आहे. हे अजूनही पाहुण्यांना ती काढून दाखवतात.

तर दुकानात जाण्याआधी घरीच तपासा. रोजची सगळी कामं उघडून ठेवा आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी' पाहा. भरलेली जागा ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर ओटा अपुरा आहे. तिथेच वेग आणि किती जागा वापरात आहेत तेही दिसतं. वेग २१३३ ते ३२०० च्या दरम्यान असला तर डीडीआर-४ समजा. मेमरी निम्मी रिकामी आणि तरीही संगणक संथ, असं असेल तर रॅमवर पैसा घालूच नका. चकतीची डिस्क काढून एसएसडी बसवा, फरक त्याच दिवशी कळेल.

डीडीआर-५ वाईट असं मी म्हणत नाही. संगणक नव्यानंच घ्यायचा असेल तर तीच घ्यावी. व्हिडिओचं संकलन, मोठी चित्रं, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसताना खेळायचे खेळ, इथे मोठं पातेलं खरंच कामी येतं. आणि विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. प्रोसेसर इंटेलचा असून आठव्या पिढीच्या आधीचा असेल, तर विंडोज ११ त्याला मानवत नाही; तिथे दुकानदाराच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण मग त्याचं कारण रॅम नव्हे.

भावाचं मात्र सांभाळा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांकडे माल वळल्यामुळे २०२५ च्या उत्तरार्धात दोन्ही पिढ्यांच्या रॅमचे भाव भडकले. जुना भाव मनात धरून जाऊ नका, तीन दुकानांत एकाच दिवशी विचारा. वापरलेली पट्टी चालते, पण बसवून, संगणक सुरू करून दाखवला तरच पैसे द्या.

घरी बसवणार असलात तर संगणक बंद करून प्लग काढा, आधी उघड्या लोखंडाला हात लावा आणि त्या दिवशी सिंथेटिक साडी नको; तिच्यातली स्थिर वीज पट्टीला भोवते. ताई, चिठ्ठीवर एवढंच लिहून न्या: डीडीआर-४, ८ गिगाबाइट, संगणकात दिसला तो वेग, आणि 'लॅपटॉपची नको, डेस्कटॉपची'.