वऱ्हाडच्या तोफांचा हिशेब

वऱ्हाड इंग्रजांच्या हाती कसे गेले, असा प्रश्न बार्शीटाकळीस माझ्या घरी येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी अधूनमधून विचारीत असतो. ‘निजामाने कर्जापोटी दिले’, हे उत्तर बहुतेकांना येते. कर्ज कशाचे, हे मात्र क्वचितच कोणाला सांगता येते. ते कर्ज फौजेचे होते. आणि विशेष असे की, ती फौज मूळ करारानुसार केवळ युद्धप्रसंगी पुरवावयाची होती. आजच्या भाषेत बोलायचे तर ती राखीव फौज होती.

१८०० च्या तहाने निजामाने युद्ध उद्भवल्यास ६,००० पायदळ आणि ९,००० घोडदळ द्यावे असे ठरले. पुढे १८११ मध्ये हेन्री रसेल हैदराबादेस रेसिडेंट म्हणून आला आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ही फौज शांततेच्या काळातही कायम पोसली जाऊ लागली. तीच हैदराबाद कंटिंजंट. तैनाती फौज निराळी होती व तिचा खर्च आधीच भागविलेला होता. हा दुसरा बोजा. पगार भागविण्यासाठी पामर आणि कंपनीसारख्या पेढ्यांकडून चढ्या व्याजाने पैसा उचलला गेला. थकबाकी वाढत गेली आणि २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, नळदुर्ग व रायचूर दुआब इंग्रजांकडे सोपविण्यात आले. त्या बदल्यात काय ठेवावयाचे, तर ५,००० पायदळ, २,००० घोडदळ आणि मैदानी तोफखान्याच्या चार बॅटऱ्या.

या चार बॅटऱ्यांकडे आमच्या इतिहासलेखकांचे लक्ष जावे तितके गेलेले नाही. वऱ्हाडला तोफांची ओळख जुनी आहे. नरनाळ्यावर नऊगजी तोफ आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या रणात मराठ्यांच्या तोफांपुढे कंपनीच्या पलटणी काही काळ डगमगल्या होत्या. वेलस्लीला त्या स्वतः सावराव्या लागल्या. १८५७ नंतर इंग्रजांनी तोफ हिंदी माणसाच्या हातून काढून घेतली. पहाडी तोफखान्याच्या काही बॅटऱ्या आणि कंटिंजंटच्या या चार बॅटऱ्या, एवढाच काय तो अपवाद. याच कंटिंजंटने १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या सैन्याबरोबर मध्य हिंदुस्थानच्या मोहिमेत भाग घेतला होता. हे अभिमानाने सांगण्यासारखे नाही, पण म्हणून ते झाकून ठेवण्याचेही कारण नाही. हिंदी तोफखान्याची पहिली मैदानी ब्रिगेड बंगळूरला उभी राहिली ती थेट १९३५ मध्ये. मधल्या काळात मैदानी तोफ चालविण्याचे ज्ञान ज्या थोड्या हिंदी हातांत राहिले, त्यांचा पगार वऱ्हाडच्या शेतसाऱ्यातून जात होता.

आता जमाखर्च पाहू. १८५३ च्या तहात हिशेब देण्याचे व शिल्लक निजामाला परत करण्याचे कलम होते. १८६० च्या तहाने ५० लाखांचे कर्ज माफ झाले, नळदुर्ग व रायचूर परत गेले. पण वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्क निजामाने सोडला. लगोलग अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. उत्पन्न वाढण्याच्या ऐन मुहूर्तावर हिशेबाची वही मिटली गेली, हा योगायोग अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तरी खटकल्यावाचून राहत नाही. सालारजंगाने वऱ्हाड परत मिळविण्यासाठी पुढे केलेले प्रयत्न व्यर्थ गेले. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाखांवर वऱ्हाडचा कायमचा पट्टा झाला. १९०३ मध्ये कंटिंजंटचे पायदळ व घोडदळ हिंदी सैन्यात मिसळले, तोफखाना मोडण्यात आला. फौज गेली, तारण मात्र राहिले. छावणीपायी वाढलेले परतवाडा तेवढे मागे उरले.

स्वतंत्र भारताने राखीव सेनेची कल्पना निराळ्या पायावर उभारली. १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या प्रादेशिक सेनेचे उद्घाटन ९ ऑक्टोबर १९४९ रोजी राजगोपालाचारी यांनी केले. तीत आरंभी विमानवेधी तोफखाना व किनारी बॅटऱ्याही होत्या. १९७२ पर्यंत त्या मोडल्या गेल्या वा नियमित सैन्यात गेल्या. आपल्या विदर्भाला जवळची पलटण म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी किल्ल्यातील ११८ वी. पोटापाण्याचा दुसरा व्यवसाय असलेल्या नागरिकाने वर्षातून काही आठवडे शिक्षण घ्यावे व हाक येताच रुजू व्हावे, अशी ही योजना. मे २०२५ मध्ये सरकारने सेनाप्रमुखांना या सेनेस पाचारण करण्याचे अधिकार दिले आणि ३२ पायदळ पलटणींपैकी १४ पलटणींच्या नेमणुकीस मान्यता दिली, तेव्हा ही हाक पुस्तकी राहिलेली नाही हे स्पष्ट झाले.

राखीव सेना स्वस्त असते, असे आपण वर्गात शिकवितो. ते अर्धेच खरे आहे. शांततेच्या काळातही तिचा खर्च असतोच. प्रश्न इतकाच की तो कोणाच्या नावे पडतो. १८५३ मध्ये तो वऱ्हाडच्या कुणब्याच्या नावे पडला. आज तो शाळा, नगरपरिषदा व लहान कचेऱ्या यांच्या नावे पडतो आणि कोठल्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. परतलेल्या माणसाला कामावर पुन्हा घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे, हे योग्यच. परंतु तो गेला असता त्याचे काम कोणी करावे व त्या बदली माणसाचा पगार कोणी द्यावा, हा प्रश्न राहतोच. माझ्या मते तो पगार संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकात उघडपणे मांडला पाहिजे. रक्कम फार मोठी होणार नाही. झाली तरी ती दिसलेली बरी.

माझा एक जुना विद्यार्थी एका कचेरीत लिपिक आहे व प्रादेशिक सेनेत शिपाई आहे. गेल्या खेपेस शिबिराला जाण्याची त्याची परवानगी तीन टेबलांवर फिरली आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हाती पडली. दोन महिन्यांनी तो परतला, तेव्हा त्याच्या टेबलावरचे सारे कागद जसेच्या तसे त्याची वाट पाहत होते.