विश्लेषण : लाखोंच्या घड्याळाला पाण्याचे वावडे का? ‘३० मीटर’चा नेमका अर्थ काय?

स्वित्झर्लंडसह चार देशांच्या ‘एफ्टा’ गटाशी भारताने केलेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे. स्विस घड्याळांवरील २० टक्के आयात शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने हटवले जाणार असल्याने महागडी घड्याळे आता मुंबई-पुण्याबाहेरच्या ग्राहकाच्याही आवाक्यात येऊ लागतील. छत्रपती संभाजीनगरला अशी खरेदी नवी नाही. याच शहराने २०१० मध्ये एकाच वेळी १५० मर्सिडीज-बेंझ गाड्या घेऊन देशाचे लक्ष वेधले होते. मात्र समारंभात मिरवायचे, सूट किंवा शेरवानीवर शोभणारे पातळ ‘ड्रेस वॉच’ घेणाऱ्याला एक गोष्ट हमखास गोंधळात टाकते. पाच-दहा हजारांच्या घड्याळावर ‘१०० मीटर’ लिहिलेले असते, तर कित्येक लाखांच्या घड्याळावर जेमतेम ‘३० मीटर’. असे का?

‘३० मीटर’ म्हणजे ३० मीटर खोल पाणी का?

नाही. हा आकडा खोलीचा परवाना नसून दाबाच्या चाचणीची नोंद आहे. पाण्यात दर दहा मीटरला दाब सुमारे एक बारने वाढतो. म्हणून ३० मीटर म्हणजे तीन बार. हा दाब नवे घड्याळ प्रयोगशाळेत, स्थिर अवस्थेत, ठरावीक मिनिटे सहन करते, एवढेच त्यातून कळते. रोजच्या वापरातील घड्याळांसाठी ‘आयएसओ २२८१०’ हे २०१० चे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात नमूद दाबाखाली दहा मिनिटे, तसेच दहा सेंटिमीटर पाण्यात एक तास अशा चाचण्या असतात. चावीवर बाजूने जोर देऊनही घड्याळ तपासले जाते. शेवटी ते ४० ते ४५ अंशांपर्यंत तापवून काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवतात. आतून बाष्प धरले तर घड्याळ नापास. मात्र या मानकात प्रत्येक घड्याळ तपासण्याची सक्ती नाही, नमुना चाचणीही चालते. पाणबुड्यांच्या घड्याळांचे ‘आयएसओ ६४२५’ हे मानक वेगळे आहे. तिथे किमान १०० मीटरची अट असून प्रत्येक घड्याळ नमूद दाबाच्या सव्वापट दाबाखाली तपासावे लागते. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द दुकानात सर्रास ऐकू येत असला तरी मानकांचा शब्द ‘वॉटर-रेझिस्टंट’, म्हणजे जलरोधक असा आहे. पाण्याला रोखणारे घड्याळ असते, पाण्यापासून कायमचे अभेद्य घड्याळ नसते.

पैसे जास्त, मग संरक्षण कमी का?

पाणी घड्याळात शिरण्याच्या वाटा मोजक्याच असतात. काचेची कड, मागचे झाकण आणि चावी. क्रोनोग्राफ असेल तर त्याची बटणे. प्रत्येक वाटेवर रबरासारख्या पदार्थाची रिंग, म्हणजे गॅस्केट बसवलेले असते. पाणबुड्यांच्या घड्याळाची चावी आणि झाकण आटे फिरवून घट्ट बसतात. गॅस्केट जाड असते, काचही जाड असते. ड्रेस वॉचचे सौंदर्य नेमके याच्या उलट गोष्टीत आहे. ते शर्टाच्या कफाखाली अलगद सरकले पाहिजे. त्यामुळे कवच पातळ, झाकण अनेकदा दाबून बसवलेले आणि चावी नुसती ओढायची-ढकलायची. हाताने चावी देण्याचे घड्याळ असेल तर ती चावी रोज फिरते आणि तिथले गॅस्केटही रोज घासते.

कार्टियेचे ‘टँक’, पाटेक फिलिपचे ‘कॅलट्राव्हा’, लांगे अँड झोनेचे ‘सॅक्सोनिया’ ही नावाजलेली ड्रेस वॉचेस सहसा ३० मीटरच्याच घरात असतात. रोलेक्सच्या ‘ऑयस्टर’ घड्याळांना किमान १०० मीटरची हमी आहे, पण त्याच कंपनीने २०२३ मध्ये आणलेले ‘१९०८’ हे ड्रेस वॉच ५० मीटरवर थांबते. पातळपणाची शर्यत लागली की आकडा आणखी घसरतो. बुल्गारीचे २०२२ मधील ‘ऑक्टो फिनिसिमो अल्ट्रा’ अवघे १.८ मिलिमीटर जाडीचे, पण जलरोधकता केवळ १० मीटर. म्हणजे ग्राहक इथे पाण्यापासूनच्या संरक्षणाचे पैसे मोजत नाही. कारागिरी, यंत्रणा, सोने आणि नाव यांचे पैसे मोजतो. पैठणी महाग आहे म्हणून ती घरच्या बादलीत धुता येत नाही, तसेच हे आहे.

पातळ आणि जलरोधक, दोन्ही शक्यच नाही का?

शक्य आहे, आणि त्याचे एक ठळक उदाहरण भारतीय आहे. टायटनने २००२ मध्ये ‘एज’ हे घड्याळ बाजारात आणले. त्याची पूर्ण जाडी ३.५ मिलिमीटर, आतली क्वार्ट्झ यंत्रणा १.१५ मिलिमीटर आणि तरीही जलरोधकता ३० मीटर. बुल्गारीनेही २०२० मध्ये ‘ऑक्टो फिनिसिमो’च्या पोलादी आवृत्तीला आट्यांची चावी देऊन १०० मीटरचा टप्पा गाठला. म्हणजे अडचण तंत्रज्ञानापेक्षा प्राधान्यक्रमाची अधिक आहे.

याला इतिहासही आहे. रोलेक्सने १९२६ मध्ये ‘ऑयस्टर’ कवच आणले. पुढच्या वर्षी मर्सिडीज ग्लाइट्झ ही ब्रिटिश जलतरणपटू इंग्लिश खाडीत उतरली तेव्हा ते घड्याळ तिच्या गळ्यात होते. दहा तासांहून अधिक काळ गार पाण्यात राहूनही ते चालू राहिले आणि कंपनीने ‘डेली मेल’च्या पहिल्या पानावर त्याची जाहिरात केली. जगाची दुसरी कल्पना भारतातून आली. इथे पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत, म्हणून १९३१ मध्ये उलटे फिरवता येणारे ‘रिव्हर्सो’ जन्मले. त्याची रचना फटक्यापासून बचावासाठी होती, पाण्यापासून नव्हे. आज ते ड्रेस वॉचचा आदर्श मानले जाते. प्रत्येक घड्याळ एखाद्या विशिष्ट धोक्यासाठी घडवलेले असते, हे यातून दिसते.

हात हलवल्याने दाब वाढतो, हे खरे का?

‘पोहताना हाताच्या झपाट्याने दाब अनेक पटींनी वाढतो, म्हणून ३० मीटरचे घड्याळ भिजते’ हे स्पष्टीकरण सर्वत्र दिले जाते. गणित मात्र वेगळे सांगते. पाण्यात हात सेकंदाला तीन मीटर वेगाने फिरला तरी वाढीव दाब ०.०५ बारहूनही कमी, म्हणजे अर्ध्या मीटर पाण्याइतका. वेग सेकंदाला दहा मीटर धरला तरी तो अर्धा बारच होतो. नळाचेही तसेच. तीन मजल्यांवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या पाण्याचा दाब साधारण एक बार. त्यामुळे नव्या, धडधाकट घड्याळाला हात धुण्याने धोका नाही. गाड्या धुण्याच्या प्रेशर वॉशरची गोष्ट निराळी. त्याचा दाब शंभर बारच्या आसपास असतो. विहिरीत उंचावरून सूर मारतानाचा पहिला तडाखाही क्षणभर मोठा असतो.

मग घड्याळे भिजतात कशाने? बहुतेकदा कारण दाब नसून गॅस्केट असते. ते वर्षांगणिक कडक होते, चपटे होते, त्याला सूक्ष्म तडे जातात. साबण, शाम्पू आणि गरम पाणी ही प्रक्रिया वेगाने घडवतात. चावी अर्धवट बाहेर राहिली असेल तर मानकातील आकड्याला काहीच अर्थ उरत नाही.

संभाजीनगरच्या हवेत वेगळा धोका कोणता?

उन्हाळ्यात इथला पारा चाळिशीपार जातो. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेले घड्याळ त्याहून कितीतरी तापते आणि गॅस्केटचे आयुष्य घटते. तापलेले मनगट थेट गार पाण्यात घातले की आतली हवा आकुंचन पावते आणि सैल झालेल्या फटीतून ओलावा आत ओढला जातो. अनेक भागांत नळाला काही दिवसांआड पाणी येते. ते आले की टाक्या, पिंप, बादल्या भरण्याची घाई उडते आणि हात मनगटापर्यंत बुडतो. पावसाळ्यात २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असलेली हवा चावी ओढताना आत शिरली, तर तिचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. तेच घड्याळ वातानुकूलित सभागृहात २२ अंशांवर आले की काचेच्या आतून धुके धरते. पाण्याचा थेंबही न लागता घड्याळ ‘भिजते’ ते असे. हळदीचा कार्यक्रम, रंगपंचमी आणि विसर्जन मिरवणूक हे प्रसंग ड्रेस वॉचचे नाहीतच. तिथे पाण्याआधी चामड्याचा पट्टा जातो.

तक्रार झाल्यास कायदा काय म्हणतो?

मूळ अडचण ‘मीटर’ या शब्दात आहे. सामान्य ग्राहक त्याचा अर्थ खोली असाच घेणार. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची दखल घेतो. जाहिरातीतील अस्वीकृतीची टीप मुख्य दाव्याच्या विरोधात जाऊ नये, असे २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. घड्याळावर ‘३० मीटर’ आणि पुस्तिकेत ‘पोहू नका’ असे असेल, तर हा विसंगतीचा प्रश्न उपस्थित करता येतो. मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे, कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. ‘ई-जागृती’ संकेतस्थळ आणि १९१५ ही राष्ट्रीय मदतवाहिनी उपलब्ध आहे. मात्र पाणी उत्पादनातील दोषाने शिरले की वापरातील चुकीने, हे ठरवणे अवघड असते. नाक्यावरच्या दुकानात सेल बदलताना झाकण उघडले गेले आणि नंतर दाबचाचणी झाली नाही, तर कंपनीला हात झटकणे सोपे जाते. त्यामुळे बिल, वॉरंटी कार्ड आणि प्रत्येक सर्व्हिसची नोंद जपणे महत्त्वाचे.

ग्राहकाने काय पाहावे?

खरेदीपूर्वी आकड्याऐवजी पुस्तिकेतील वापराचा तक्ता वाचावा आणि ‘या घड्याळासह पोहता येईल का’ याचे उत्तर लेखी मागावे. जलरोधकतेची चाचणी वर्षातून एकदा करून घ्यावी. जुने, विशेषतः नव्याने तबकडी रंगवून विकलेले घड्याळ असेल तर त्यावरचा कोणताही आकडा शून्य समजावा. काचेत धुके दिसले तर घड्याळ तांदळाच्या डब्यात ठेवणे किंवा हेअर ड्रायरने तापवणे टाळून लगेच सर्व्हिस सेंटर गाठावे. आतल्या पोलादी भागांना काही दिवसांतच गंज चढू लागतो आणि तबकडीवरचा डाग सहसा पुसला जात नाही.

आयात शुल्क घटेल तशी ही घड्याळे अधिक मनगटांवर दिसतील. दहा लाखांवरील घड्याळांच्या विक्रीवर एप्रिल २०२५ पासून एक टक्का कर उगमस्थानी गोळा केला जातो, म्हणजे सरकारचे या बाजाराकडे लक्ष आहे. किंमत आणि कर यांची नोंद जितक्या काटेकोरपणे होते, तितक्याच स्पष्टपणे ‘३० मीटर’चा अर्थ ग्राहकाच्या भाषेत छापला गेला, तर निम्मे वाद दुकानातच मिटतील.