जुन्या मोटारसायकलीचा कार्ब्युरेटर : दुरुस्त करावा कीं बदलावा ?

आमच्या तुमसर तालुक्यांत धानाच्या शेतीस बैलबंडीइतकीच आतां मोटारसायकल आवश्यक होऊन बसली आहे. खताचें पोतें आणणें, रोवणीच्या मजुरांस शिदोरी पोंचविणें, बाजारांत धानाचा भाव विचारून येणें, सातबाऱ्यासाठीं हेलपाटे घालणें, हीं सर्व कामें तिच्यावरच होतात. परंतु पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारीं उभी असलेली गाडी पंधरा-वीस वर्षांची जुनी असते. ती पेट्रोल फार खाऊं लागली कीं मालक मिस्त्रीकडे जातो, आणि मिस्त्री वरवर पाहून सांगतो, "कार्बोरेटर गेला, नवा टाका." हा सल्ला पुष्कळदां घाईचा असतो व त्याचा भुर्दंड शेतकऱ्यास पडतो, असें माझें मत आहे.

मीं महसूल खात्यांत कारकुनी केली; यंत्रविद्या शिकलों नाहीं. म्हणून प्रथम माझीच फजिती सांगतों. माझी शंभर सी. सी. ची गाडी सन २००३ ची. पूर्वीं एका लिटरांत साठ किलोमीटर जाणारी ती तीन वर्षांपूर्वीं चाळिसांवर आली. एका दुकानदाराच्या सांगण्यावरून मीं आठशें रुपये देऊन नवा कार्ब्युरेटर बसविला व जुना तेथेंच ठेवून आलों. नव्यावरील नांव प्रसिद्ध कंपनीसारखें दिसे. पण नीट वाचल्यास एक अक्षर फिरविलेलें होतें. महिन्याभरांत गाडी पस्तिसांवर उतरली, आणि उभ्या गाडीखालीं पेट्रोल ठिबकूं लागलें. ज्या छपरींत ती उभी असे तेथेंच गुरांसाठीं तणसाचा ढीग होता. एके रात्रीं वासानें जाग आली, तेव्हां अंगावर कांटा उभा राहिला.

पुढें एका वृद्ध मिस्त्र्यानें जुना नग शोधून आणविला व माझ्यासमक्ष खोलला. त्यांतील सुई व जेट झिजलेलीं होतीं, आणि फ्लोटच्या सुईच्या टोंकास चरा पडला होता. बाकी सर्व साबूत होतें. अडीचशें रुपयांच्या भागांत व दोनशें रुपयांच्या मजुरींत काम झालें, आणि गाडी पुन्हां पंचावन्नांवर आली.

कार्ब्युरेटराचें काम समजण्यास अवघड नाहीं. वजनानें सुमारें पंधरा भाग हवेंत एक भाग पेट्रोल मिसळून इंजिनास देणें, हें तें काम. बांधींत पाणी ठराविक उंचीवर आलें कीं आपण येणारी वाट बुजवितों. त्याचप्रमाणें तळच्या वाटींत पेट्रोल भरलें कीं फ्लोट वर येऊन आपल्या सुईनें वाट बंद करतो. ह्या सुईचें टोंक झिजलें कीं पेट्रोल वाहून बाहेर पडतें. वेग वाढवितांना स्लायडर वर उचलला जातो व त्यास लावलेली निमुळती सुई पितळी जेटांतून वर सरकते. गाडीच्या कंपनानें ती जेटाच्या भोंकास वर्षानुवर्षें घांसत राहते. भोंक केसभर रुंदावलें तरी पेट्रोल जास्त जातें, आणि तें नेमकें मध्यम वेगांत, म्हणजे आपण बहुधा चालवितों त्याच वेगांत. म्हणून सुई व जेट जोडीनेंच बदलावीं. एक नवें व एक जुनें ठेवल्यानें गुण येत नाहीं.

आमच्या जिल्ह्याचें भंडारा शहर पितळी भांड्यांसाठीं प्रसिद्ध आहे. पितळ किती मऊ, हें घरच्या बायांस विचारावें. रोजच्या घांसण्यानें गुंडाचें बूड पातळ होतें. तरीही जेट तुंबलें कीं त्यांत ब्रेकची तार खुपसणारे मिस्त्री आहेत. जेटावर कोरलेला आंकडा भोंकाचें माप दाखवितो. तार फिरली कीं आंकडा तोच राहतो, पण माप खोटें होतें. सातबाऱ्यावर क्षेत्र एक आणि जमिनीवर दुसरें, त्यांतलाच हा प्रकार. जेट धुवून हवेच्या दाबानेंच साफ करवावें.

दोष ठरविण्यापूर्वीं मोजणी करावी. टाकी कांठोकांठ भरून शंभर किलोमीटर फिरावें, पुन्हां कांठोकांठ भरावी, व किती लिटर लागलें तें वहींत लिहावें. असें तीनदां करावें. त्याआधीं चाकांतील हवा, अडकलेला ब्रेक, एअर फिल्टर व चोक हीं पाहून घ्यावीं; यांचा दोष पुष्कळदां कार्ब्युरेटरावर लादला जातो. उभ्या गाडींतून पेट्रोल ठिबकत असल्यास चावी ताबडतोब बंद करावी व फ्लोटची सुई तपासावी. मंद गतींत इंजिन वरखालीं होत असल्यास कार्ब्युरेटर व इंजिन यांमधील रबर चिरलें आहे काय किंवा बारीक जेट तुंबलें आहे काय, हें पाहावें. प्लग काजळला असेल व फिल्टर स्वच्छ असेल तर सुई-जेटाकडे वळावें. स्लायडर अंगांत खिळखिळा झाला असेल, आटे गेले असतील, किंवा आंतल्या वाटांत बसलेली पांढरी भुकटी धुतल्यानें निघत नसेल, तर मात्र संपूर्ण नग बदलणेंच शहाणपणाचें. आणि तोही अस्सल, पावतीसह.

ह्या भुकटीचें एक कारण ध्यानांत ठेवावें. सन २०२५ पर्यंत देशांतील पेट्रोलांत शेंकडा वीस इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट गांठलें गेलें. इथेनॉल ऊंसाप्रमाणेंच मका व तांदूळ यांपासूनही होतें; तेव्हां आपण धान पिकविणारांनीं त्यास नाकें मुरडणें बरें नव्हे. परंतु तें हवेंतील ओल शोषतें. ऑगस्ट २०२५ मध्यें केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयानेंच खुलासा केला कीं, कांहीं जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटर वापरानंतर रबराचे कांहीं भाग व गास्केट बदलावीं लागतील आणि तो खर्च अल्प आहे. म्हणून पावसाळ्यांत गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर चावी बंद करून वाटींतील पेट्रोल तळच्या स्क्रूवाटे काढावें, व त्या वेळीं जवळपास विडी-काडी नसावी.

मिस्त्रीसच दोष देणें मला न्याय्य वाटत नाहीं. खोलून, धुवून, पारखण्यास दोन तास जातात आणि त्याची मजुरी देतांना आपण कां-कूं करतों. नवा नग अर्ध्या तासांत बसतो, शिवाय त्यावर कमिशन सुटतें. मग त्यानें दुसरें काय सांगावें ? पारखणीची मजुरी आपण खुशीनें दिली तर खरा सल्ला मिळूं लागेल.

आणखी एक गोष्ट आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले, व तेव्हांपासून बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटराच्या जागीं इंजेक्शन आलें. अस्सल सुटे भाग पुढें दुर्मिळ होत जाणार हें उघड आहे. म्हणून माझी सूचना अशी कीं, आपल्या सेवा सहकारी संस्थांनीं बियाणें व खत यांबरोबरच गांवांत प्रचलित असलेल्या चार-दोन गाड्यांच्या सुया, जेटें, रबर व गास्केट खात्रीच्या ठिकाणाहून आणून ठेवावीं, आणि दरसाल रोवणीपूर्वीं एक दिवस जाणता मिस्त्री बोलावून सभासदांच्या गाड्या तपासून घ्याव्या. नवा नग बसविला तरी जुना मात्र दुकानांत ठेवून येऊं नये. माझा जुना नग सांपडला हें माझें नशीब. प्रत्येकाचा सांपडेलच असें नाहीं.