सिस्टरची भाऊबीज

भाऊबीज हा बहिणीचा दिवस. 2021 साली तो 6 नोव्हेंबरला आला होता. त्या दिवशी सकाळी अहमदनगरच्या (आता अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि 11 रुग्ण दगावले. तीन दिवसांनी, 9 तारखेला, पोलिसांनी चौघींना अटक केली. एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका. ज्यांना आपण खाटेवरून ‘सिस्टर, सिस्टर’ म्हणून हाका मारतो, त्यांना त्या वर्षीची ओवाळणी ही अशी पोचली.

फराळाच्या ताटाशी बसून हे कशाला वाचायचे, असे कोणी म्हणेल. पण लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपण दारात पणत्या लावतो तेव्हा शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात कोणीतरी मुलगी नाईटला उभीच असते, आणि कसाऱ्याच्या गाडीने आसनगावला उतरून ड्यूटी गाठणाऱ्यांत अशी एखादी असतेच. तिच्या डोक्यावर कायद्याचे काय टांगले आहे, ते तिच्या भावांनी एकदा पाहून ठेवलेले बरे.

नगरच्या आधी भंडारा झाले होते. 9 जानेवारी 2021 च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. 17 बाळांपैकी 10 गेली. जिल्हा शल्यचिकित्सकांवर निलंबनाची कारवाई झाली, हे खरे. परंतु कंत्राटी परिचारिकांची नोकरी गेली आणि पुढे गुन्हा दाखल झाला तोही दोन परिचारिकांवर. आता मला सांगा, भिंतीतली तार परिचारिका ओढते काय? आग विझवण्याच्या यंत्रणेची निविदा ती काढते काय? वॉर्डातला बंद पंखा दुरुस्त करून घ्यायचा तरी तिला अर्ज लिहावा लागतो आणि त्या अर्जाला उत्तर येईपर्यंत उन्हाळा सरतो. मी मास्तर आहे. गळक्या कौलांचे अर्ज मीही लिहिले आहेत. अर्ज लिहिणाऱ्याच्या हाती काय असते, ते मला ठाऊक आहे.

यावर एक रोखठोक प्रश्न येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. वॉर्ड सोडून परिचारिका गेली असेल, तर तिला जाब विचारायचा नाही? ज्याला कूस बदलता येत नाही असा रुग्ण, ज्याला रडण्याखेरीज भाषा नाही असे तान्हे बाळ, यांच्यापाशी राहण्यासाठीच तर तिला नेमलेली असते! जाब विचारलाच पाहिजे. दहा घरांचे पाळणे रिकामे झाले, त्या आयांपुढे उभे राहून ‘बिचारी नर्स’ म्हणण्याची माझी छाती नाही. माझे भांडण जाब कोण विचारतो आणि कोणाकोणाला विचारतो, याच्याशी आहे.

परिचारिका ही काही नुसती नोकरदार बाई नव्हे. ती नोंदणीकृत व्यावसायिक आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा 1947 चा. महाराष्ट्राचा परिचारिका कायदा 1966 चा. त्याखाली राज्याची परिषद आहे, नावांची नोंदवही आहे, आणि गैरवर्तन सिद्ध झाले तर त्या वहीतून नाव कमी करण्याचा अधिकार आहे. म्हणजे जिला हे काम कळते अशा माणसांनी तिच्या कामाची परीक्षा करावी, अशी सोय कायद्याने करून ठेवली आहे. पण दुर्घटना घडली की मंत्री येतात, कॅमेरे येतात, निलंबनाची यादी वाचून दाखवली जाते, मग पोलीस येतात. ही परिषद मात्र आपल्याला आठवते ती नोंदणीच्या नूतनीकरणाची फी भरताना!

डॉक्टरांचे तसे नाही. 2005 साली जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले की वैद्यकीय हलगर्जीच्या आरोपात आधी दुसऱ्या जाणत्या वैद्यकाचे मत घ्यावे आणि डॉक्टरला सरसकट अटक करू नये. शहाणपणाचा निकाल आहे. (नगरला त्याचाही उपयोग झाला नाही, ती डॉक्टर मुलगीही आत गेलीच.) पण पुढची गोष्ट ऐका. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या 106 व्या कलमात निष्काळजीपणाने मृत्यू घडवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या दंडसंहितेत ती दोन वर्षांपर्यंत होती. उपचार करताना नोंदणीकृत वैद्यकाकडून असे घडले तर मात्र ती दोन वर्षांपर्यंतच. आणि नोंदणीकृत वैद्यक म्हणजे कोण? ज्याचे नाव वैद्यकांच्या नोंदवहीत आहे तो. परिचारिकांची नोंदवही तिथे धरलेलीच नाही. म्हणजे एकाच खाटेपाशी, एकाच रात्री, औषध लिहिणाऱ्याच्या चुकीला दोन वर्षे आणि तेच औषध टोचणारीच्या चुकीला पाच! मी मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही, तरी एवढा हिशेब मला येतो. पगार कमी, अधिकार कमी, शिक्षा तेवढी जास्त.

आता माणसांचा हिशेब. परिषदेच्या मानकाप्रमाणे सामान्य रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका हवी, अतिदक्षता विभागात खाटेगणिक एक. आपापल्या तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन वाचकांनी मोजून पाहावे. शहापूर-मुरबाडची अवघड केस झाली की ‘कळव्याला न्या’ म्हणतात. ते कळव्याचे रुग्णालय 500 खाटांचे. ठाणे जिल्हाच काय, पालघरचीही माणसे तिथे पोचतात. ऑगस्ट 2023 मध्ये तिथे 24 तासांत 18 रुग्ण दगावले, तेव्हा चौकशी समिती नेमली गेली. मानक मोडून रिकाम्या जागा वर्षानुवर्षे तशाच ठेवणाऱ्याचे नाव कुठल्या नोंदवहीतून कमी करायचे? त्याची नोंदवहीच नाही.

आणि आपण? नोंदणी नसलेली, चार महिने हाताखाली शिकून पांढरा कोट चढवलेली पोरगी सलाईन लावते तेव्हा आपण तिला प्रमाणपत्र विचारतो काय? बिल कमी झाले यातच आपल्याला आनंद. तिला हे काम देणे बेकायदा आहे, आणि ती चुकली तर तिच्यासकट आपलेही नशीब फुटले. पण 12 मे रोजी परिचारिका दिनाला गुलाबाचे फूल द्यायला आपण विसरत नाही.

कर्तव्य म्हणजे काय, हे परिचारिकांना शिकवायला जाणाऱ्याने आधी केईएममध्ये जाऊन यावे. अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 ला हल्ला झाला आणि 18 मे 2015 ला त्या गेल्या. मधली एक्केचाळीस-बेचाळीस वर्षे त्यांना भरवले, पुसले, कुशीवर वळवले ते तिथल्या परिचारिकांनी. पिढ्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या. 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या शुश्रूषेची वाखाणणी केली. कोणत्या कलमाने ते करायला लावले होते?

परिचारिकांनाही एक सांगायचे आहे, मोठ्या भावाच्या नात्याने. सोसू नका, लिहा. रात्री चाळीस रुग्ण आणि तुम्ही दोघी, हे रिपोर्ट बुकात वेळेसह लिहा. डॉक्टरांनी फोनवरून औषध सांगितले, लिहा आणि सकाळी सही घ्या. यंत्रातून जळका वास येतो, लिहून वर पाठवा आणि पोच ठेवा. वरचा रागावेल. रागावू द्या. वही तुम्हाला तर वाचवीलच, पण आधी त्या रुग्णाला वाचवील.

बाकीचे काम तुमचे नव्हे, आमचे आहे. 1947 च्या कायद्याऐवजी राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संसदेने 2023 साली केला. तो करताना 106 व्या कलमात परिचारिकेला विसरणारी संसदही तीच! मते मागायला आसनगावच्या नाक्यावर गाड्या थांबतात, तेव्हा रस्त्याबरोबर हेही विचारायला हवे.

माझ्या वर्गातल्या मुलींचे पालक दहावीच्या निकालानंतर येऊन विचारतात, गुरुजी, पोरीला नर्सिंगला घालू का? मी हो म्हणतो. पण प्रवेशाच्या फॉर्मबरोबर 106 वे कलमही तिला वाचून दाखवतो.