प्लाझ्मातली भेसळ पकडणारा प्रकाश

फ्रान्समधील काडाराश येथील ‘वेस्ट’ या टोकामॅकने १२ फेब्रुवारी २०२५ रोजी हायड्रोजनचा प्लाझ्मा १३३७ सेकंद, म्हणजे बावीस मिनिटांहून अधिक काळ टिकवला. त्याच्या काही आठवडे आधी चीनच्या ‘ईस्ट’ने १०६६ सेकंदांची मजल मारली होती. अणुसंमीलनाच्या बातम्या अशा सेकंदांत मोजल्या जातात. पण या मार्गाने कधी वीज मिळेल का, हे आणखी एका आकड्यावर अवलंबून आहे : प्लाझ्मात भेसळ किती?

टोकामॅक हे मेदुवड्याच्या आकाराचे यंत्र. त्यातला कोट्यवधी अंश तापमानाचा प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्राच्या बळावर भिंतीपासून दूर धरलेला असतो. तरीही काही कण भिंतीवर आदळतात आणि तिचे अणू उडवून लावतात. हे अणू प्लाझ्मात शिरले की घात होतो. इंधनातील हायड्रोजनचे एकुलते इलेक्ट्रॉन केव्हाच सुटलेले असतात. पण टंगस्टनसारख्या ७४ इलेक्ट्रॉनांच्या अणूकडे त्या तापमानातही काही उरतात. ते प्लाझ्मातली ऊर्जा प्रकाश आणि क्ष-किरणांच्या रूपाने बाहेर फेकत राहतात. दहा हजार कणांमागे टंगस्टनचे एक-दोन अणूही संमीलनाची भट्टी थंड करायला पुरेसे ठरू शकतात.

म्हणूनच १९७०च्या दशकात अमेरिकेतील प्रयोगांत टंगस्टनचा वाईट अनुभव आल्यावर संशोधक कार्बनकडे वळले. मात्र कार्बन ट्रिटियम हे दुर्मीळ, किरणोत्सारी इंधन धरून ठेवतो. त्यामुळे ब्रिटनमधील ‘जेट’ यंत्राने २०११मध्ये कार्बन काढून बेरिलियम आणि टंगस्टनच्या भिंती बसवल्या. भारतासह जगातील प्रमुख देश काडाराशलाच उभारत असलेल्या ‘इटर’ची आतली भिंतही बेरिलियमची होणार होती. पण बेरिलियम विषारी आणि लवकर झिजणारे. २०२४मध्ये मांडलेल्या सुधारित आराखड्यात त्याच्या जागी टंगस्टन आले. संशोधनाचे काम २०३४मध्ये आणि ड्युटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग २०३९मध्ये सुरू करण्याचा हा आराखडा आहे. म्हणजे जो धातू प्लाझ्माला सर्वांत जास्त बाधतो, तोच आता त्याच्याभोवती सगळीकडे असेल.

मग भेसळ ओळखायची कशी? एवढ्या उष्ण प्लाझ्मात कोणतेही उपकरण बुडवून ठेवता येत नाही. पण प्लाझ्मा स्वतःच प्रकाश देतो. प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक तरंगलांबीच्या रेषांत चमकते. बोटाच्या ठशासारखी ही ओळख. रेषा कोणती, यावरून मूलद्रव्य कळते. तिच्या तेजावरून प्रमाणाचा अंदाज येतो, रुंदीवरून तापमान आणि सरकण्यावरून प्लाझ्माचा वेग. अतितप्त टंगस्टनच्या अनेक रेषा अतिनील आणि क्ष-किरणांत असतात, त्यामुळे वर्णपटमापकही त्यासाठी खास लागतात.

खरी अडचण हेलियमची. संमीलनातून उरणारी ही ‘राख’ वेळेवर बाहेर काढावी लागते. पण गाभ्यातल्या हेलियमकडे इलेक्ट्रॉनच नसतात, त्यामुळे त्याच्या रेषाही दिसत नाहीत. यावर उपाय म्हणजे प्लाझ्मात हायड्रोजनच्या उदासीन अणूंचा वेगवान झोत सोडणे. त्यातील एखाद्या अणूकडून हेलियमला इलेक्ट्रॉन मिळतो, क्षणभर तो चमकतो आणि मोजला जातो.

इथे भारताचा थेट संबंध येतो. इटरच्या बांधकाम खर्चात भारताचा वाटा सुमारे नऊ टक्के आहे. गुजरातेत हजिऱ्याला घडवलेल्या महाकाय क्रायोस्टॅटची चर्चा बरीच झाली. मात्र हा तपासणी-झोत आणि क्ष-किरण वर्णपटमापकांसारखी मोजणीची काही उपकरणे पुरवण्याची जबाबदारीही भारताचीच आहे. गांधीनगरजवळील प्लाझ्मा संशोधन संस्थेच्या माध्यमातून ती पार पाडली जाते.

मोजणीने भेसळ कमी होत नाही. पण गाभ्यात टंगस्टन साचू लागल्याचे वेळीच कळले, तर तिथे सूक्ष्मतरंगांची उष्णता वाढवून त्याला बाहेर लोटता येते. ऑक्सिजनचे प्रमाण वाढत असेल, तर भिंतींवर बोरॉनचा पातळ थर देता येतो. हे कळण्याचा मार्ग वर्णपटातून जातो. त्यामुळे पुढचा विक्रम जाहीर होईल तेव्हा प्लाझ्मा किती वेळ टिकला याच्या जोडीला तो किती स्वच्छ राहिला, हेही पाहायला हवे.