खिशातला संगणक : यादीत आहे, पण सापडत नाही!

बालमित्रांनो, आज मी माझीच एक फजिती सांगणार आहे. हसायला परवानगी आहे, पण आधी शेवटचं कोडं सोडवायचं, मग हसायचं!

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मोबाइलची ॲप बनवायला शिकले. शिकल्यावर पहिलं काय बनवलं असेल? माझ्या वर्गाच्या हजेरीचं ॲप! खरी हजेरी अर्थातच हजेरीपटावर. हे ॲप म्हणजे माझी हौस. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी वर्गातल्या तीसही मुलांची नावं त्यात माझ्या हातांनी भरली आणि स्वतःवरच खूश झाले.

आमच्या मिरजगावच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची काही कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परत येतात. यंदा अशीच एक मुलगी चार-पाच महिन्यांनी वर्गात आली. तिसरीतली, चुणचुणीत. मी मोठ्या ऐटीत मोबाइल काढला. तिचं नाव टाकलं, इयत्ता टाकली, सोबत आलेल्या वडिलांना विचारून त्यांचा मोबाइल नंबर टाकला, जनरल रजिस्टरचा नंबर टाकला आणि ‘शोधा’वर बोट ठेवलं.

पडद्यावर अक्षरं उमटली : ‘यादीत नाही.’

पोरगी माझ्या खुर्चीशेजारीच उभी होती. तिला छान वाचता येतं. तिनं ते वाचलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “मॅडम, माझं नाव कमी केलं का?”

शाळेत ‘नाव कमी करणं’ म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहेच. पटावरून नावच काढून टाकायचं! मी चटकन हजेरीपट उघडला आणि तिच्या नावावर बोट ठेवून तिला दाखवलं. तेव्हा कुठे ती जागेवर जाऊन बसली. मी मात्र घाईघाईत ॲपमध्ये ‘नवीन नाव’ हे बटण दाबून तिला पुन्हा एकदा भरून टाकलं. झालं! दुसऱ्या दिवशी वर्गात मुलं तीस आणि ॲप म्हणतंय एकतीस. हजेरी घेताना तिचं नाव दोनदा आलं, तिनंही दोनदा “हजर” म्हटलं, आणि सगळा वर्ग खो खो हसला. मी तो एकतीस आकडा खिचडीसाठी कळवला नाही, एवढं बरं!

पण मुळात नाव यादीत होतं ना? मग सापडलं का नाही?

आता एक खेळ खेळू. दहा चिठ्ठ्या घ्या. प्रत्येकीवर एकेका मित्राचं नाव, इयत्ता आणि गाव लिहा आणि त्या एका डब्यात टाका. आता अकरावी चिठ्ठी घ्या. डब्यातल्या एका चिठ्ठीवर जे लिहिलंय तेच, अक्षर न् अक्षर तसंच, हिच्यावर लिहा. ही चिठ्ठी हातात धरून ताईला विचारा, “ताई, ही चिठ्ठी डब्यात आहे का?”

ताई सरळ असेल तर डब्यात बघेल आणि म्हणेल, “हो, आहे.” ताई वात्रट असेल तर म्हणेल, “ही चिठ्ठी तर तुझ्या हातात आहे. ती डब्यात कशी असेल?”

दोघींचंही बरोबर आहे की नाही? पहिलीनं ‘तशीच’ चिठ्ठी शोधली. दुसरीनं ‘तीच’ चिठ्ठी शोधली. माझं ॲप त्या वात्रट ताईसारखं वागत होतं!

असं का, ते सांगते. काही गोष्टी संगणकाच्या भाषेत आधीपासून तयार असतात. संख्या, शब्द, खरं-खोटं वगैरे. पाच आणि पाच सारखे, ‘आंबा’ आणि ‘आंबा’ सारखे, हे त्याला वेगळं शिकवावं लागत नाही. पण ‘विद्यार्थी’ नावाची वस्तू भाषेत तयार नसते. ती आपण घडवायची. कोरा छापील अर्ज असतो ना, तसा एक साचा करायचा : इथे नाव, इथे इयत्ता, इथे पालकांचा मोबाइल, इथे रजिस्टर नंबर. या साच्याला म्हणतात क्लास. (शिकवणीचा क्लास नव्हे हं!) असा प्रत्येक भरलेला अर्ज म्हणजे एक वस्तू आणि त्या वस्तूंची माळ म्हणजे लिस्ट.

लिस्टमध्ये काही आहे का, हे विचारायला ‘कंटेन्स’ नावाची आज्ञा आहे. ती पहिल्या वस्तूपासून सुरुवात करते आणि एकेकीपाशी थांबून विचारते, “मी शोधतेय ती तूच का?” पण दोन विद्यार्थी सारखे कधी म्हणायचे, हे मी तिला कुठे सांगितलं होतं? न सांगितल्यावर ती एकच गोष्ट बघते. मोबाइलच्या स्मृतीत या दोन वस्तू एकाच जागी आहेत का? म्हणजे ‘तीच’ चिठ्ठी आहे का? मी तर शोधण्यासाठी नवीन अर्ज भरला होता. जागा वेगळी, म्हणून उत्तर ‘नाही’.

मी ज्या भाषेत ॲप लिहिलं तिचं नाव कोटलिन. गंमत म्हणजे कोटलिन हे रशियातलं एक बेट आहे, आणि तिच्या आधी अँड्रॉइडची ॲप ज्या भाषेत लिहीत, त्या जावाचं नावही बेटाचंच! गूगलनं २०१७ मध्ये कोटलिनला अँड्रॉइडची अधिकृत भाषा म्हणून मान्यता दिली. या भाषेत एक सोय आहे. ‘क्लास’च्या आधी ‘डेटा’ हा एक शब्द लिहिला की झालं! मग संगणक जागा बघत नाही, अर्जातला मजकूर ताडून बघतो. जावात हेच काम ‘इक्वल्स’ नावाची आज्ञा स्वतः लिहून करावं लागे. आयफोनसाठी असलेली स्विफ्ट ही भाषा तर त्याहून कडक. सारखेपणा कसा ओळखायचा ते सांगितल्याशिवाय ती असा शोध घेऊच देत नाही, आधीच अडवते. मला विचाराल तर तीच पद्धत चांगली. गप्प बसून चुकीचं उत्तर देण्यापेक्षा तोंडावर “मला कळलं नाही” म्हणणारा केव्हाही बरा.

तर मी तो ‘डेटा’ शब्द लिहिला, तिचं दुसऱ्यांदा भरलेलं नाव पुसलं आणि पुन्हा शोधलं.

‘यादीत नाही.’

आता काय म्हणावं! दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवले. नाव तेच. इयत्ता तीच. रजिस्टर नंबर तोच. मोबाइल नंबर वेगळा! तोडीला गेल्यावर वडिलांनी नवीन सिम घेतलं होतं. ‘डेटा’ लिहिल्यावर संगणक त्या अर्जातला रकाना न् रकाना ताडतो. एक जरी चुकला, तरी म्हणणार, ही ती नव्हेच. वडिलांनी सिम बदललं म्हणून मुलगी दुसरी होते का हो? आणि मी तशीच राहिले असते, तर जूनमध्ये सगळा वर्ग चौथीत गेल्यावर एकही मूल सापडलं नसतं!

मग फक्त नावानं शोधावं का? त्यासाठी ‘फाइंड’ नावाची आज्ञा आहे. तिला अट सांगायची, अट जुळणारी पहिली वस्तू ती आणून देते. पहिलीच! समजा वर्गात दोन ओंकार आहेत, तर दुसऱ्याची पाळी कधी यायचीच नाही. ‘फिल्टर’ म्हटलं तर दोन्ही मिळतील, पण त्यातला आपला कोणता, हे पुन्हा आपणच ठरवायचं.

नावाचा घोळ आम्हा कर्जत तालुक्यातल्या लोकांना नवा नाही. मिरजगाव ज्या तालुक्यात आहे ते आमचं कर्जत, आणि रायगड जिल्ह्यात मुंबई-पुणे रेल्वेमार्गावर, घाटाच्या पायथ्याशी आहे ते दुसरं कर्जत. तिथे गाडी थांबते आणि गरमागरम बटाटेवडे मिळतात. आमच्या कर्जतला रेल्वेच नाही! मोबाइलमध्ये नुसतं ‘मिरज’ टाकलं, तर सतारींसाठी प्रसिद्ध असलेलं सांगली जिल्ह्यातलं मिरज येईल आणि मागोमाग आमचं मिरजगावही येईल, कारण ‘मिरजगाव’ या शब्दाच्या पोटात ‘मिरज’ आहेच. आणि आमच्या जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. जिल्हा तोच, नाव मात्र वेगळं! म्हणजे बघा, कुठे नाव एक आणि गावं दोन, तर कुठे नावं दोन आणि जिल्हा एक.

पोस्टखात्यापुढे हाच पेच होता. एकाच नावाची कितीतरी गावं, पत्ते वेगवेगळ्या भाषांत, त्यात अक्षर गिचमिड! त्यावर उपाय काढला एका मराठी माणसानं. श्रीराम भिकाजी वेलणकर त्यांचं नाव. पोस्टाच्या कामात बुडालेले हे अधिकारी संस्कृतमध्ये कविता आणि नाटकंही लिहीत. त्यांनी योजलेला सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सुरू झाला. त्यातला पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा ४. पहिले तीन आकडे मिळून टपालाची वर्गवारी होणारा जिल्हा आणि शेवटचे तीन आकडे पोस्ट ऑफिसचे. आमच्या कर्जतचा पिनकोड ४१४४०२, रायगडमधल्या कर्जतचा ४१०२०१. आता गावाच्या नावात लिहिणाऱ्याची वेलांटी चुकली, तरी पत्र बरोबर जागी जातं. जिल्ह्याचं नाव बदललं, पण पिनकोडला धक्का लागला नाही.

मी काय केलं, ते तुमच्या लक्षात आलं असेलच. आमच्या शाळेत पहिल्या दिवशी मूल दाखल झालं, की जनरल रजिस्टरमध्ये त्याला एक नंबर मिळतो. त्या शाळेत तो दुसऱ्या कोणाला देत नाहीत आणि मूल शाळा सोडेपर्यंत तो बदलत नाही. नाव दुरुस्त झालं, इयत्ता वाढली, सिम बदललं, तरी तो तोच. मी ‘फाइंड’ला सांगितलं, बाकी काही बघू नकोस, रजिस्टर नंबर जुळतो का तेवढंच बघ. सापडली! एका झटक्यात. तिला बोलावून पडदा दाखवला. तिनं आपलं नाव दोनदा वाचलं आणि म्हणाली, “मॅडम, पप्पांचा नंबर जुना आहे यात. नवा टाका.” तो मात्र तिनं तोंडपाठ सांगितला.

पालकांसाठी थोडंसं. मुलाचं नाव जन्मदाखल्यावर एक, आधारकार्डावर दुसरं आणि शाळेत तिसरं असेल, तर “एका वेलांटीनं काय होतंय” असं म्हणू नका. माणसाला ते एकच वाटतं, यंत्राला ती तीन मुलं वाटतात. तिन्ही कागद शेजारी ठेवून एकदा अक्षर न् अक्षर वाचा आणि शाळेत येऊन बोला. दाखल्यावर रजिस्टर नंबर असतो, तो घरच्या वहीत लिहून ठेवा. कामासाठी परगावी जाणाऱ्यांनी तर नक्कीच.

आता कबूल केलेलं कोडं. साताऱ्याजवळचं ‘कऱ्हाड’ घ्या. त्यातला अर्धा र, तो कोयत्यासारखा दिसणारा, मोबाइलवर दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारी खूण टाकतात. दुसऱ्यात ‘ऱ’ हे वेगळंच अक्षर घेऊन त्याला हलन्त देतात. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात. पण आतून अक्षरांचे क्रमांक वेगळे, म्हणून एका पद्धतीनं लिहिलेलं कऱ्हाड शोधताना दुसऱ्या पद्धतीचं सापडत नाही!

तर प्रश्न असा : मराठी गावांची यादी असलेलं ॲप तुम्ही बनवताय. लोक दोन्ही तऱ्हांनी लिहिणार, कोणाला नावं ठेवून चालणार नाही. दोन्ही कऱ्हाड एकच आहेत, हे संगणकाला कसं सांगाल? आणि ते कधी सांगाल, गावाचं नाव यादीत भरताना, शोधताना, की दोन्ही वेळा? उत्तर पोस्टकार्डावर लिहून पाठवा. पिनकोड विसरू नका!