मिरचीचा तरवा केव्हा टाकावा?

मिरचीचे पीक बिघडले म्हणजे त्याचे खापर बहुधा बियाण्यावर, खतावर किंवा रोगावर फोडले जाते. बी वाफ्यात कोणत्या तारखेस पडले, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. वस्तुतः पुढे शेतात दिसणाऱ्या कित्येक अडचणींचे मूळ त्या एका तारखेत असते. लागवड वेळेवर झाली की उशिरा, रोप कोवळे लागले की जून, फुले कडक उन्हात सापडली की वाचली, या साऱ्यांचा निर्णय गादीवाफ्यावर बी पडते त्याच दिवशी अर्धाअधिक होऊन गेलेला असतो.

खरिपाच्या मिरचीसाठी बी मे-जूनमध्ये टाकावे, असे सर्वत्र सांगितले जाते. ते चुकीचे नाही, परंतु शेतकऱ्याला त्याचा पुरेसा उपयोग होत नाही. 1 मे आणि 30 जून यांत 60 दिवसांचे अंतर आहे, आणि मिरचीचे रोप तर 40 दिवसांत लावणीस येते. म्हणजे या सल्ल्याच्या एका टोकाला बी टाकणाऱ्याची रोपे शेतात लागून स्थिरावलेली असतील, तेव्हा दुसऱ्या टोकाचा शेतकरी नुकतेच वाफ्यावर बी टाकीत असेल. सल्ला दोघांनीही पाळला, असेच म्हणावे लागेल! यास्तव महिना सांगण्यापेक्षा मोजण्याची रीत सांगणे अधिक हितावह आहे.

ही रीत साधी आहे. आपले शेत लावणीस केव्हा तयार होईल, ती तारीख आधी ठरवावी आणि तेथून मागे मोजत यावे. गादीवाफ्यावरील रोप 40 ते 45 दिवसांचे असताना लावणे योग्य ठरते. त्यांतील 8 ते 10 दिवस बी उगवण्यात जातात, आणि शेवटचे 8 दिवस पाणी कमी करून व सावली हळूहळू काढून रोप कणखर करण्यात जातात. 25 जूनच्या सुमारास लावणी करावयाची असेल, तर बी 12 ते 15 मेच्या दरम्यान वाफ्यात पडलेच पाहिजे. कोकणात जेथे भात निघाल्यावर त्याच खाचरात मिरची घेतात, तेथे भाताच्या कापणीची तारीख धरून मागे मोजावे. नोव्हेंबरच्या मध्यास लावणी व्हावयाची असेल, तर भात शेतात उभे असतानाच, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, उंचवट्याच्या जागी तरवा टाकावा लागेल.

तथापि अनेक गावांत अजून वेगळीच चाल दिसते. मृगाचा पहिला पाऊस पडला, जमीन भिजली, की घराजवळच्या तुकड्यात मिरचीचे बी फोकून द्यावयाचे. याचा परिणाम काय होतो, हे तारखा मांडून पाहिल्यास कळून येईल. पाऊस 18 जूनला पडला आणि 20 जूनला बी टाकले, तर रोपे ऑगस्ट उजाडताना लावणीस येतात. हिरव्या मिरचीचा पहिला तोडा लावणीनंतर साधारणपणे 60 ते 70 दिवसांनी मिळतो. अर्थात तो ऑक्टोबरमध्ये जातो. ज्याने मेच्या मध्यास बी टाकले, त्याचा तोडा सप्टेंबरच्या आरंभी सुरू झालेला असतो. पाच आठवडे मागे पडलेले हे पीक पुढे वाळल्या मिरचीसाठी ठेवावयाचे असेल, तर फळे पिकण्याचा कालही तितकाच लांबतो. शिवाय जून-जुलैच्या सततच्या पावसात सपाट वाफ्यातील कोवळी रोपे मानेशी कुजून कोलमडतात ती निराळीच. पावसाची वाट पाहून टाकलेला तरवा त्याच पावसाने जातो, आणि मग शेतकरी मिळेल तेथून, मिळेल त्या जातीची रोपे आणण्यास निघतो.

असे असूनही ही चाल सुटत नाही, याला कारण आहे. मे महिन्यात विहिरी तळाला गेलेल्या असतात, जनावरांना पाणी पुरविणे कठीण, तेथे मिरचीच्या वाफ्याला पाणी कोण घालणार, असा प्रश्न शेतकरी करतो. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परंतु पाणी नक्की किती लागते, याचा हिशेब मात्र फारसा कोणी करून पाहत नाही. एक हेक्टर मिरचीच्या रोपांसाठी सुमारे एक गुंठा वाफा पुरतो, म्हणजे एका एकरासाठी 40 चौरस मीटर. सावलीच्या जाळीखाली किंवा तुऱ्हाट्यांच्या मांडवाखाली या जागेला दिवसाकाठी 5 मिलिमीटर पाणी द्यावयाचे म्हटले, तर ते 200 लिटर, अर्थात एक पिंप होते. झारीने सकाळ-संध्याकाळ ते घालणे हे घरातील दोन माणसांचे काम आहे. जेथे तेवढेही पाणी नाही, तेथे चार शेजाऱ्यांनी मिळून ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याच्या बांधावर सामायिक तरवा टाकणे हा मार्ग आहे, आणि गावपातळीवरील कार्यकर्त्याला अशी जुळवाजुळव करण्यास वाव आहे.

मेमधील उन्हाचे काय, असेही विचारले जाते. मिरचीचे बी 25 ते 30 अंश सेल्सिअस तापमानात उत्तम उगवते. जमीन त्याहून फार तापली तर उगवण घटते. म्हणून वाफ्यावर सावली हवी, बी एक सेंटिमीटरहून खोल जाऊ नये, आणि वर भाताचा पेंढा किंवा वाळले गवत पातळ पसरावे. अंकुर दिसू लागताच हे आच्छादन संध्याकाळी काढावे. भर दुपारी ते काढून कोवळी रोपे एकदम उन्हात उघडी टाकण्याची चूक पुष्कळदा घडते.

आता मुख्य अडचणीकडे वळू. मागे मोजावयाचे खरे, पण पाऊसच तारीख पाळीत नसेल तर? जिरायती किंवा अपुऱ्या पाण्याच्या शेतात लावणीची तारीख शेवटी पावसाच्याच हाती असते. मुंबईत 2023 साली मोसमी पाऊस 25 जूनला पोहोचला, आणि 2025 साली तो 26 मेलाच आला. दोन वर्षांत एक महिन्याचा फरक! नक्षत्रे आपल्या जागी असतात, पाऊस मात्र असतोच असे नाही. अशा स्थितीत एकाच तारखेवर सारे बी टाकणे म्हणजे सगळे दान एकाच फाशावर लावणे होय. त्यापेक्षा बियाण्याचे दोन भाग करून पहिला 10 मेच्या सुमारास आणि दुसरा रोहिणी लागताना, 25 मेच्या सुमारास, टाकावा. पाऊस लवकर आला तर पहिला भाग 20 जूनला तयार असतो. लांबला तर पहिल्यातील रोपे जून होईपर्यंत दुसऱ्यातील रोपे हाताशी येतात. सुधारित जातीचे बी हेक्टरी एक ते सव्वा किलो लागते. ते दोनदा टाकल्याने खर्च वाढत नाही, श्रम मात्र थोडे वाढतात. वाढणारे श्रम कोणास अनावश्यक वाटतील, परंतु 2023 सारख्या साली, ज्या वर्षी ऑगस्टदेखील कोरडा गेला, तरव्याचे वय हाच मोठा प्रश्न होऊन बसतो.

कारण पाऊस लांबला म्हणून रोपे वाफ्यात हवी तितकी थांबवून ठेवता येत नाहीत. गादीवाफ्यावरील रोप पाणी बेताचे ठेवून आणि युरिया न देता 50 दिवसांपर्यंत कसेबसे आवरता येते. त्यापुढे खोड लाकडासारखे कठीण होते, वाफ्यातच कळ्या दिसू लागतात, आणि असे रोप शेतात लावल्यावर नवी मुळे व फांद्या फुटण्याऐवजी त्याची शक्ती त्या अकाली फुलांवर खर्च होते. नाइलाजाने ते लावावेच लागले, तर कळ्या खुडून लावावे. कोकोपीट भरलेल्या प्लास्टिकच्या ट्रेमधील रोपांना तर याहूनही कमी धीर असतो. लहान खणात मुळे गोल गुंडाळू लागतात, म्हणून ते रोप 30 ते 35 दिवसांतच शेतात गेले पाहिजे. ट्रेचे रोप लवकर तयार होते आणि लवकर जूनही होते, ही गोष्ट ध्यानात न घेता गादीवाफ्याच्याच तारखेला ट्रे भरणे चुकीचे आहे. ट्रे साधारण 10 दिवस मागाहून भरावेत.

उन्हाळी मिरचीच्या बाबतीत मोजणी बदलते. जानेवारीअखेर लावणी करावयाची तर बी डिसेंबरच्या आरंभी पडावे लागते, आणि त्या वेळी निफाडसारख्या भागात पारा पुष्कळदा 10 अंशांखाली उतरलेला असतो. तापमान 15 अंशांवर आले म्हणजे 8 दिवसांत उगवणारे बी तीन आठवड्यांहून अधिक काळ मातीतच पडून राहते. शेतकरी बी खोटे निघाले असे समजून दुसरे आणतो, आणि मग पहिले उगवते. यावर उपाय घरातच आहे. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवावे. ट्रे असल्यास ते भरून, ओले करून एकावर एक रचावे, वरून काळे प्लास्टिक झाकावे आणि उबदार खोलीत ठेवावे. सहाव्या दिवसापासून रोज पाहत जावे, आणि पहिले अंकुर डोके काढताच ट्रे उजेडात मांडावे. एक दिवसाचा आळस झाला तरी रोपे पांढरी व लुकडी होतात. हिवाळ्यात रोपाची एकूण वाढही मंद असल्याने गादीवाफ्यासाठी 40 ऐवजी 50 ते 55 दिवस धरणे शहाणपणाचे ठरते. उशीर मात्र करू नये. लावणी फेब्रुवारीच्या अखेरीस गेली तर फुलांचा बहर एप्रिलच्या उन्हात सापडतो, आणि 35 अंशांपलीकडे मिरचीची फुले मोठ्या प्रमाणावर गळतात.

तरवा मांडवाखाली वाढविण्याचा आणखी एक लाभ आहे. पाने वळून झाड खुजे राहते, त्याला गावोगावी बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणतात. त्यामागे फुलकिडे व कोळी असतात, तसेच पांढऱ्या माशीने पसरणारा विषाणूही असतो. विषाणूची बाधा रोप लहान असतानाच झाली, तर त्या झाडाकडून उत्पन्नाची आशा नाही. वाफ्यावर 40 मेशची नायलॉन जाळी चहूबाजूंनी बंद करून लावल्यास हे 40 दिवस पांढरी माशी दूर राहते. एक गुंठाभर जागा जाळीने झाकणे शक्य आहे. एक हेक्टर शेत झाकणे शक्य नाही.

अलीकडे पुष्कळ शेतकरी तरवा न टाकता रोपवाटिकेतून तयार रोपे आणतात, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु तेथेही तारखेचा प्रश्न सुटत नाही. तो फक्त दुसऱ्याच्या हाती जातो. पाऊस लांबला की रोपवाटिकेतही रोपे तुंबून राहतात, आणि पाऊस पडताच तीच जून रोपे ताज्या रोपांच्या भावाने विकली जातात. उंच रोप पाहून गिऱ्हाईक खूश होते, वास्तविक ते उंच रोप बहुधा वय झालेले असते. यासाठी रोपांबरोबर दिल्या जाणाऱ्या चिठ्ठीवर जातीच्या नावाइतकीच ठळक अशी बी टाकल्याची तारीख असावी, आणि शेतकऱ्याने ती मागून घ्यावी. नोंदणी करतानाच आपल्या लावणीची तारीख सांगून, तिच्या 30 ते 35 दिवस आधी भरलेले ट्रे हवेत, असे कबूल करून घ्यावे. रोपे उचलताना ट्रेच्या एका खणातील रोप काढून त्याची मुळे पाहावीत. ती पांढरी व मोकळी असली तर घ्यावीत. तपकिरी होऊन खणाच्या आकाराने वेटोळे घालून बसली असतील, तर तो ट्रे परत करावा.